दाँवच्या जुन्या, स्वस्त वाइन: दुकानातल्या फळीपासून बाटलीतल्या साक्यापर्यंत

मध्य-उत्तर पोर्तुगालमधल्या विझेव शहराभोवतीचा, डोंगरांनी वेढलेला वाइनचा मुलूख म्हणजे दाँव. इथली १९८० आणि १९९० च्या दशकांतली लाल वाइन पोर्तुगालमधल्या जुन्या दुकानांत अजूनही साधारण १५ ते ३० युरोंना मिळते. त्याच वयाच्या, बऱ्या नावाच्या फ्रान्समधल्या बोर्दो वाइनला याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. अशा सहा लाल आणि दोन पांढऱ्या बाटल्या आम्ही विझेवमध्ये एका बैठकीत चाखल्या. लालपैकी चार दाँवच्या, दोन शेजारच्या बायराडा विभागातल्या. एका बाटलीला बुचाचा कुबट वास लागलेला निघाला, एक उष्णतेने शिजलेली होती, बाकीच्या पिण्याजोग्या आणि त्यातल्या दोन फारच छान. या किमतीत आणि या वयात हे प्रमाण ठीकच म्हणायचं. त्यातली निम्मी हार-जीत दुकानात ठरते आणि उरलेली बूच काढताना.

आधी स्वस्ताईचं कारण, कारण त्यावरून कुठली बाटली उचलायची हे कळतं. दाँवची हद्द १९०८ साली आखली गेली. सेर्रा दा एस्त्रेला, कारामुलो, बुसाको या डोंगररांगा समुद्रावरचा दमट वारा आणि आतल्या पठारावरची उष्णता, दोन्ही अडवतात. जमीन बहुतेक ग्रॅनाइटची, मळे बरेचसे ४०० ते ५०० मीटर उंचीवर, रात्री थंड. त्यामुळे द्राक्ष पिकलं तरी आंबटपणा शाबूत राहतो, आणि वाइन टिकते ती मुख्यतः त्यावर. मात्र हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत शेतकऱ्यांकडून द्राक्षं घेण्याचा हक्क सहकारी वाइनरींनाच मिळाला. खासगी कंपन्यांनी तयार वाइन त्यांच्याकडून घ्यायची आणि आपलं लेबल लावायचं. उसाची झोनबंदी पाहिलेल्या मराठी माणसाला पुढचं सांगायला नको. चांगली द्राक्षं पिकवणाऱ्याला जादा भाव नाही, म्हणून कुणी मेहनत घेईना. घड देठांसकट आंबवायचे, वाइन सिमेंटच्या टाक्यांत वर्षानुवर्षं ठेवायची, आणि बाटलीत भरेपर्यंत फळाचा ताजेपणा गेलेला, तुरटपणा तेवढा उरलेला. पोर्तुगाल १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेला आणि त्यानंतर काही वर्षांत ही मक्तेदारी संपली. किंता दुस रोकेश, आल्वारु काश्त्रु यांच्यासारख्या मळेवाल्यांनी स्वतःची वाइन स्वतः बाटलीत भरायला घेतली. पण जुन्या दाँवला चिकटलेलं ‘खरखरीत, कोरडी’ हे बिरुद निघालं नाही आणि भाव खालीच राहिले.

त्या काळातही काही लॉट उत्तम होते. बायराडातल्या काव्हश साँव झ्वाँव या १९२० साली सुरू झालेल्या कंपनीसारखे व्यापारी वेगवेगळ्या ठिकाणची वाइन चाखून चांगले लॉट निवडत आणि आपल्या तळघरात मुरवत. ‘पोर्ता दुश काव्हालेरुश’ ही त्यांची दाँव, ‘फ्रेइ झ्वाँव’ ही बायराडा. जुन्या दाँवची सुरुवात करायची तर अशा निवड करणाऱ्या व्यापाऱ्याच्या लेबलापासून करावी. कुठल्याशा सहकारी संस्थेची अनोळखी बाटली पाच युरो स्वस्त असली तरी ती दुसऱ्या खेपेला. लेबलवर ‘गर्राफैरा’ लिहिलं असेल तर लाल वाइन किमान ३० महिने मुरवलेली असते आणि त्यातले किमान १२ महिने बाटलीत गेलेले असतात. ‘रिझर्व्हा’ची अट त्यामानाने सैल आहे.

आता बाटली. सर्वांत आधी वाइनची पातळी पाहायची. बुचाच्या खालच्या टोकापासून वाइनपर्यंत किती सेंटिमीटर मोकळे आहेत ते बोटांनी मापता येतं. ३५-४० वर्षांच्या बाटलीत तीन-चार सेंटिमीटर मोकळे असणं साहजिक आहे. पाचपर्यंत आम्ही घेतो. सहाच्या पुढे गेलं की कितीही स्वस्त असो, फळीवर परत. खांदे असलेल्या बाटलीत हिशेब सोपा: पातळी गळ्यात असली तर उत्तम, खांद्याच्या वरच्या कडेला असली तर चालेल, खांद्याच्या मध्यावर आली तर नको. पातळी खाली गेली म्हणजे बुचातून तेवढी हवा आत आली.

मग मोबाइलचा टॉर्च बाटलीच्या गळ्यामागे धरून रंग बघायचा. विटेसारखा लाल आणि आरपार स्वच्छ असला तर ती बाटली घ्यावी. कोऱ्या चहासारखा तपकिरी, त्यातही मळकट दिसला तर आतलं काम आटोपलेलं आहे. बाटली हलवून मग रंग बघू नका. साका वर येतो आणि चांगली वाइनही गढूळ दिसते. दुकानदारही वैतागतो.

बूच बाटलीच्या तोंडावरच्या आवरणाखालून वर आलेलं असेल तर बाटली कधीतरी तापली आहे: आतली वाइन फुगली आणि तिने बूच ढकललं. आवरणाखालून ओघळ आलेला असेल तरी तोच संशय. आवरण बोटांनी फिरवून बघतात. फिरलं तर गळती नाही, असा समज आहे. फिरलं तर बरंच, पण न फिरणाऱ्या आवरणाखाली आम्हाला चांगल्या बाटल्या सापडल्या आहेत, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर बाटली नाकारू नये. लेबल भिजलेलं, बुरशी लागलेलं असेल तर उलट आनंद माना. तळघर दमट होतं, म्हणजे बूच सुकलं नसणार. लेबल कोरं करकरीत आणि बाटली काचेच्या कपाटात दिव्याखाली उभी, ही जोडी सर्वांत धोक्याची. आमची शिजलेली बाटली अशीच होती: पातळी उत्तम, लेबल देखणं, आणि आत गुळाच्या पाकाचा वास.

जमलं तर एकाच वर्षाच्या एकाच वाइनच्या दोन बाटल्या घ्याव्यात. या वयात प्रत्येक बुचाने आपापल्या गतीने हवा आत सोडलेली असते, आणि एकाच पेटीतल्या दोन बाटल्या दोन वेगळ्या वाइन असल्यासारख्या लागतात. एक बाटली वाईट निघाली म्हणून ते वर्ष वाईट म्हणता येत नाही.

घरी आणल्यावर बाटली उभी करायची. दाँवला दोन दिवस पुरतात. बायराडाच्या बागा जातीच्या द्राक्षाला आम्ही आठवडा देतो, कारण त्या वाइनचा साका जाड आणि भरपूर असतो. साका म्हणजे काळाच्या ओघात एकमेकांना चिकटून खाली बसलेले टॅनिन (तुरटपणा देणारे पदार्थ) आणि रंगद्रव्यं, शिवाय टार्टारिक आम्लाचे स्फटिक. तो पोटात गेला तर अपाय नाही, पण कडवट, पिठूळ लागतो आणि नाजूक वाइनचा सगळा शेवट खाऊन टाकतो. विमानाने किंवा गाडीने लांबून आलेली बाटली तीन-चार आठवडे तरी स्वस्थ पडू द्यावी. बारीक साका निवळायला तेवढा वेळ घेतो.

उघडताना वाइन १४-१५ अंशांवर असावी. ग्लासात ती आपोआप १६-१७ वर येते. जुनी वाइन २२ अंशांवर प्यायलात तर अल्कोहोल आणि व्हिनेगरचा वास तेवढा पुढे येतो, बाकी सगळं मागे पडतं. ‘रेड वाइन रूम टेंपरेचरला’ हा सल्ला युरोपातल्या थंड, दगडी घरांसाठी होता. पुण्यातल्या एप्रिलच्या दिवाणखान्यासाठी नव्हे.

आवरण ओठाखालून पूर्ण कापून काढायचं. १९९० च्या आधीच्या बाटल्यांवर ते शिशाचं असू शकतं. युरोपात त्यावर १९९३ पासून बंदी आली. म्हणून बाटलीचा ओठ आणि बुचाचा माथा ओल्या फडक्याने नीट पुसायचा, पांढरी भुकटी राहता कामा नये. बुचावर काळी बुरशी असली तर तीही पुसली की झालं.

जुनं बूच खालच्या अर्ध्या भागात वाइनने भिजून मऊ झालेलं असतं, वरच्या भागात कोरडं आणि काचेला चिकटलेलं. वेटर वापरतात तो नेहमीचा स्क्रू अशा बुचाच्या मधोमध भोक पाडतो आणि ओढलं की वरचा अर्धा भाग हातात, खालचा आत. त्याऐवजी दोन पात्यांचं, स्क्रू नसलेलं ओपनर वापरावं. ‘आ-सो’ या नावाने ते ऑनलाइन सहज मिळतं. लांब पातं आधी बूच आणि काच यांच्यामध्ये सरकवायचं, मग आखूड. सरळ खाली दाबायचं नाही. मूठ डावी-उजवी डोलवत, एकेक मिलिमीटर आत. पाती पूर्ण गेली की हळूहळू पीळ देत वर ओढायचं. एका बाटलीचं बूच पहिल्या डोलवण्यातच खाली सरकायला लागलं. सैल बुचाला ही पाती चालत नाहीत, ती त्याला आत ढकलतात. तिथे थांबून पाती काढली, लांब आणि पातळ पीळाचा स्क्रू बुचात तिरका घातला, बाटली थोडी आडवी केली आणि अगदी सावकाश ओढलं. बूच आलं, तुटक तुटक पण आलं. तुटून आत पडलं असतं तरी आकाश कोसळत नाही. बारीक स्टीलच्या जाळीची चहाची गाळणी लावून ओतायचं. बुचाच्या चुऱ्याने वाइनची चव बिघडत नाही. गाळणी मात्र आदल्या दिवशी नुसत्या गरम पाण्यात उकळून ठेवा, भांड्यांच्या साबणाचा वास तिला फार पटकन लागतो.

बूच निघाल्यावर ते हुंगून काही कळत नाही, बुचाला बुचाचाच वास येतो. २०-३० मिली वाइन ग्लासात घ्या आणि तिचा वास घ्या. इथेच नवखे लोक घाई करतात. बाटलीत दशकानुदशकं कोंडलेल्या वाइनला पहिल्या मिनिटात उकडलेल्या कोबीचा, काडेपेटीचा, बंद कपाटाचा वास येऊ शकतो. हवा लागली की दहा-वीस मिनिटांत तो जातो. टीसीए या रसायनाने बाधित बुचाचा वास याच्या बरोबर उलट वागतो: ओल्या पुठ्ठ्यासारखा, भिजलेल्या गोणपाटासारखा, आणि वेळ जाईल तसा वाढत जाणारा. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅम टीसीए असला तरी नाकाला कळतो, आणि त्यापेक्षाही कमी असला तर वास न देता फळाची चव तेवढी मारून टाकतो. म्हणून आम्ही एकही बाटली पहिल्या वासावर बाद करत नाही. ग्लास बाजूला ठेवायचा, पंधरा मिनिटांनी परत हुंगायचा. कोबी गेला, पुठ्ठा राहिला तर बाटली बेसिनमध्ये.

बाकीचे दोष वेगळे ओळखू येतात. हवेने मेलेली वाइन तपकिरी असते, तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि घोट मध्येच तुटतो. तापलेली वाइन गोडसर वासाची, मनुका-गूळ छापाची, पण जिभेवर सपाट. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा वास उडणाऱ्या आम्लांचा. युरोपात लाल वाइनसाठी त्यांची कायदेशीर मर्यादा लिटरला सुमारे १.२ ग्रॅम ॲसिटिक आम्ल इतकी आहे. जुन्या पोर्तुगीज वाइनमध्ये ही आम्लं थोडी चढी असणं नवलाचं नाही, आणि थोडीशी असली तर वास उठावदार होतो. तबेल्याचा, घामट चामड्याचा वास ब्रेट नावाच्या यीस्टचा. तो किती चालवून घ्यायचा यावर आमच्यातच एकमत नाही. एकाला तो ‘जुन्या वाइनचा थाट’ वाटतो, दुसऱ्याला घाण.

कॅरफमध्ये, म्हणजे वाढायच्या काचेच्या भांड्यात, ओतायचं की नाही? साका काढण्यासाठी ओतायचं, हवा देण्यासाठी नाही. रुंद बुडाचा डिकँटर जुन्या दाँवला नको. अरुंद तोंडाचा साधा काचेचा जग घ्यावा आणि वाढायच्या पाच-दहा मिनिटं आधी ओतावं. बाटली ज्या बाजूने आडवी पडून होती ती बाजू लेबलवरून ओळखून खाली ठेवायची, गळ्याखाली टॉर्च लावायचा आणि एका दमात, न थांबता, बारीक धारेने ओतायचं. मध्ये बाटली सरळ केली की साका ढवळलाच. गळ्यात धुरासारखी काळसर रेघ दिसू लागली की थांबायचं. दाँवमध्ये ४०-५० मिली मागे राहते, बागामध्ये ७०-८० सुद्धा. म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीतून ७०० धरून चाला: चौदा जणांना प्रत्येकी ५० मिली, किंवा सहा जणांना चाखायला ५० आणि जेवणाबरोबर तेवढंच पुन्हा, वर थोडी उरते. बागाच्या तुलनेने तरुण बाटलीला मात्र तास-दीड तास हवा लागू द्यावी. तिचा तुरटपणा तोवर ग्लास धरू देत नाही.

क्रम असा ठेवला: आधी पांढऱ्या, मग दाँवच्या सर्वांत जुन्या, मग दाँवच्या धाकट्या, शेवटी बायराडा. बऱ्याच ठिकाणी तरुणपासून जुन्याकडे जातात. पण स्वस्त जुन्या वाइनमध्ये सर्वांत म्हाताऱ्या बाटलीचा आवाज सर्वांत बारीक असतो, आणि दोन बागा पिऊन झाल्यावर तो कुणालाही ऐकू येणार नाही. प्रत्येक ग्लासाची नोंद तीनदा: ओतल्याबरोबर, पंधरा मिनिटांनी, पाऊण तासाने. थुंकायला एक भांडं, साधा पाव, पाणी. खोलीत उदबत्ती नको, अत्तर नको आणि आतल्या स्वयंपाकघरात फोडणी नको.

पांढऱ्या दोन्ही एन्क्रुझादो या दाँवच्या मुख्य पांढऱ्या द्राक्षाच्या, दहा वर्षांच्या पुढच्या. रंग सोनेरी, वासात मेण, चिडाची राळ, भाजलेलं हेझलनट, चवीत लिंबाच्या सालीचा कडसरपणा. या किमतीत दहा वर्षं टिकणारी पांढरी वाइन शोधायची तर एन्क्रुझादो आमच्या मते पहिल्या दोन-तीनांत.

दाँवच्या लालमध्ये तुरिगा नासियोनाल, आल्फ्रुशेरु, झाएन, टिंटा रोरीझ ही द्राक्षं मिसळलेली असतात. जुन्या मळ्यांत तर अनेक वाण एकाच ओळीत उभे. १९८५ सालच्या बाटलीचा ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला तर मध्ये वीट, कडेला नारिंगी झाक, अगदी काठावर पाण्यासारखी फिकट. आधी कोरा चहा आणि ओला पाचोळा. दहा मिनिटांनी वाळलेला गुलाब, चिडाच्या सुया, संत्र्याची साल. ताजं फळ शोधू नका, ते नाही. तोंडात हलकी, अल्कोहोल बारा टक्के, आणि शेवटी चिंचेच्या जवळ जाणारा आंबटपणा, ज्यावर घोट लांबत जातो. पाऊण तासाने ती ओसरायला लागली. दुसऱ्या एका धाकट्या दाँवमध्ये रंग गडद होता, पण मध्ये फळ रिकामं आणि कडेने देठांचा हिरवट तुरटपणा. सिमेंट आणि देठांच्या जमान्याचा तो नेमका नमुना, आणि आणखी वीस वर्षं ठेवली तरी ती वाइन गोड होणार नाही. फळ आधी संपतं, तुरटपणा मागे राहतो. म्हणूनच ‘अजून मुरू द्या’ हा सल्ला प्रत्येक कडक वाइनला लागू पडत नाही.

बागा वेगळाच ऐवज. बायराडाची जमीन चिकणमाती आणि चुनखडीची, हवा समुद्राकाठची, आणि शरद ऋतूतला पाऊस तोडणीच्या तोंडावर येतो. पाऊस आधी आला तर अर्धकच्च्या बागाची वाइन आंबट आणि तुरट. कोरडं वर्ष लाभलं तर तीस वर्षं सहज चालणारी. म्हणून बायराडात लेबलवरचं वर्ष दाँवपेक्षा जास्त बघावं लागतं. १९९३ हे पोर्तुगालभर पावसाने बिघडलेलं वर्ष, ते टाळा, १९९४ चांगलं. आमच्या दोन्ही बाटल्यांत वाळवलेलं आंबट चेरीचं फळ, डांबर आणि तंबाखू. ग्लासात तास उलटल्यावर त्या खुलल्या.

बायराडात याबरोबर लाइतांव, म्हणजे भट्टीत भाजलेलं डुकराचं पिल्लू खातात आणि चरबीमुळे तुरटपणा मोडतो. दाँवबरोबर सेर्रा दा एस्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं मऊ चीज ठेवण्याची पद्धत आहे. हे दूध रानटी काट्याच्या फुलांनी विरजतात. खरं सांगायचं तर ते चीज पांढऱ्या एन्क्रुझादोला शोभतं, जुन्या लालला भारी पडतं. आपल्याकडचं काही हवं असेल तर अळणी मटण, मिरं बेताचं घालून. तांबड्या रश्शाची गोष्ट सोडा. तिखटाने अल्कोहोल जळजळतं आणि नाजूक वासाचा मागमूस राहत नाही.

बाटली भारतात आणायची तर परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध, बूच चिकटपट्टीने बंद करून. उन्हाळ्यात आणू नका. घरी वाइनचा फ्रिज नसेल तर काही आठवडे साध्या फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवली तर चालेल. वर्षभर नाही, तिथली कोरडी हवा बूच सुकवते. गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरात १९६१ च्या आधीची पोर्तुगीज लाल वाइन कपाटात उभी सापडलीच, तर ती शोभेची समजा. साठ उन्हाळ्यांतून कोरडी लाल वाइन वाचत नाही. पोर्ट किंवा मदेइरा या जादा अल्कोहोल घातलेल्या वाइन असतील तर उघडून बघायला हरकत नाही, त्यात मदेइराची आशा जास्त.

उरलेली वाइन ३७५ मिलीच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवली तर बागा दुसऱ्या दिवशीही चांगली लागते. जुनी दाँव सकाळपर्यंत बिघडते, ती त्याच रात्री संपवावी. साक्यासकट राहिलेलं ते कापडातून गाळून मटणाच्या रश्शात घातलं तरी चालतं.